अलिखित कराराची किंमत : एडिंबरो नगरपरिषदेचा धडा

मे २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या राजधानीची, म्हणजे एडिंबरो नगरपरिषदेची निवडणूक झाली. एकूण ६३ जागांपैकी स्कॉटिश राष्ट्रवादी पक्षाला १९, मजूर पक्षाला १३, लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२, हरित पक्षाला १० आणि हुजूर पक्षाला ९ जागा मिळाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस सभागृहाने आपला नेता निवडला, तो मात्र १९ जागांच्या पक्षाचा नव्हता; १३ जागांच्या मजूर पक्षाचा होता. त्याला कमी पडणारी मते लिबरल डेमोक्रॅट आणि हुजूर पक्षाच्या बाकांवरून आली. मजूर पक्षाच्या दोघा नगरसेवकांनी या व्यवहाराला मत देण्याचे नाकारले व ते तटस्थ राहिले. पक्षाच्या गटाने त्या दोघांना निलंबित केले.

श्रमिकांचा म्हणवणारा पक्ष हुजूर पक्षाच्या मतांवर सत्तेवर बसतो आणि त्याला नकार देणारे त्याचेच सभासद शिस्तभंगाचे धनी होतात, ही घटना हजारो मैलांवरची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ज्या ज्या ठिकाणी कोणत्याही एका पक्षाला बहुमत मिळत नाही, त्या त्या ठिकाणी समाजवादी कार्यकर्त्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो : सत्ता कोणाच्या मदतीने घ्यावी, कोणत्या अटींवर घ्यावी, आणि केव्हा ती घेऊ नये? एडिंबरोने गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली आहेत. म्हणून त्या नगरपरिषदेचा कारभार जरा तपशिलाने पाहणे उपयोगाचे आहे.

या शहराचा आणि मुंबईचा एक जुना धागाही आहे. एडिंबरोच्या जुन्या भागातील मोडकळीस आलेल्या चाळवजा घरांत राहून त्यांच्या दुरुस्तीचे काम हाती घेणारे पॅट्रिक गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. त्यांच्यामागून १९२४ साली त्या विभागाची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. शहरावर इलाज करण्यापूर्वी शहराची नीट पाहणी करावी, हा गेडिस यांचा आग्रह होता. त्यांच्याच शहराच्या राजकारणाला हा नियम लावून पाहू.

मते आणि जागा

प्रथम प्रतिनिधित्वाचा विचार करू. १९९६ पासून स्कॉटलंडमध्ये ३२ नगर व प्रादेशिक परिषदा आहेत. शाळा, वृद्धांची व अपंगांची देखभाल, परिषदेच्या मालकीची भाड्याची घरे, रस्ते, कचरा, ग्रंथालये, नगररचना ही सारी कामे त्यांच्याकडे असतात. एडिंबरोची लोकसंख्या पाच लाखांवर आहे. आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराच्या महापालिकेएवढीच ती भरते. पण तिच्या परिषदेच्या जबाबदाऱ्या आपल्या महापालिकेहून बऱ्याच जास्त आहेत.

२००३ पर्यंत तेथेही एका प्रभागातून एक सभासद आणि ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, अशी पद्धत होती. त्या वर्षी एडिंबरोत सुमारे २७ टक्के मतांवर मजूर पक्षाला ५८ पैकी ३० जागा, म्हणजे निर्भेळ बहुमत मिळाले. स्कॉटिश राष्ट्रवादी पक्षाला शहरभर बऱ्यापैकी मते पडूनही एकही जागा मिळाली नाही. दर चार मतदारांपैकी जेमतेम एकाने ज्या पक्षाला पसंती दिली, तो पक्ष राजधानीवर एकहाती राज्य करीत होता.

ही विषमता दूर केली ती २००४ च्या स्थानिक प्रशासन कायद्याने. त्या वेळी स्कॉटिश संसदेत मजूर पक्ष व लिबरल डेमोक्रॅट यांचे संयुक्त सरकार होते आणि लिबरल डेमोक्रॅटांनी सहभागासाठी घातलेल्या अटींपैकी ही एक मोठी अट होती. मजूर पक्षातील अनेक नगरसेवकांना हा कायदा मुळीच मानवणारा नव्हता. त्यांच्या खुर्च्याच त्याने डळमळीत होणार होत्या. तरीही कायदा झाला, आणि २००७ पासून स्कॉटलंडच्या सर्व परिषदांच्या निवडणुका एकल संक्रमणीय मताने होऊ लागल्या. ही पद्धत आपल्याला अगदीच अपरिचित नाही. राज्यसभेचे सभासद निवडताना आपले आमदार याच पद्धतीने पसंतिक्रम लिहितात. स्कॉटलंडमध्ये तो सामान्य मतदार लिहितो. प्रभागातून बहुधा तीन किंवा चार सभासद निवडले जातात. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे घालतो. ठरावीक कोटा पुरा करणारा उमेदवार निवडून येतो, त्याची जादा मते पुढील पसंतीकडे जातात आणि तळाचे उमेदवार बाद होत त्यांचीही मते पुढे सरकतात. मत वाया जाण्याचे प्रमाण त्यामुळे खूपच घटते.

मतदारवर्गही रुंदावला आहे. १६ व १७ वर्षांच्या मुलामुलींना २०१५ च्या कायद्याने या निवडणुकांत मताधिकार मिळाला. राष्ट्रकुलाच्या नागरिकांना तो पूर्वीपासूनच आहे. तेथे कायदेशीर वास्तव्य असलेला पुण्याचा विद्यार्थी किंवा नागपूरची परिचारिका भारतीय नागरिक राहूनही एडिंबरोच्या नगरसेवकांच्या निवडणुकीत मत देऊ शकते. लोकशाहीच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होय, आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

परंतु प्रतिनिधित्व खरे झाले की एक नवीन प्रश्न उभा राहतो. २००७ पासून एडिंबरोत एकाही पक्षाला एकट्याचे बहुमत मिळालेले नाही. जुनी पद्धत अन्यायाने का होईना, पण राज्य कोणी करायचे ते ठरवून टाकत असे. नव्या पद्धतीत ते मतदानानंतर, पक्षापक्षांच्या वाटाघाटीत ठरते. म्हणूनच या पद्धतीत वाटाघाटीचा नैतिक भार फार वाढतो. मतदाराने आपले काम चोख केले. आता पक्षांनी ते तितक्याच चोखपणे केले की नाही, हे पाहावयाचे.

तीन करार आणि एक बिनकराराची सत्ता

२००७ साली लिबरल डेमोक्रॅटांना १७, मजूर पक्षाला १५, राष्ट्रवादींना १२, हुजूर पक्षाला ११ आणि हरित पक्षाला ३ जागा मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट व राष्ट्रवादी यांनी मिळून प्रशासन बनवले; ५८ पैकी नेमक्या निम्म्या, २९ जागा त्यांच्याकडे होत्या. शहरातील त्या काळचा सर्वांत मोठा प्रकल्प म्हणजे ट्राम, आणि नेमक्या याच प्रकल्पावर दोन भागीदारांचे एकमत नव्हते. लिबरल डेमोक्रॅट त्याच्या बाजूने होते, राष्ट्रवादी विरोधात. ५४५ दशलक्ष पौंडांत व्हावयाचे काम २०१४ मध्ये ७७६ दशलक्ष पौंडांवर गेले आणि तेही आखलेल्या मार्गापेक्षा आखूड. त्याची कारणे कंत्राटांत, अभियांत्रिकीत आणि प्रशासनातही होती. २०२३ च्या चौकशी अहवालात ती सविस्तर आली आहेत. पण मुख्य प्रकल्पाबद्दलच मतभेद असलेल्या भागीदारांच्या हाती तो प्रकल्प होता, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

२०१२ साली मजूर पक्षाला २० व राष्ट्रवादींना १८ जागा मिळाल्या. स्कॉटलंडच्या राजकारणातील या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन प्रशासन स्थापन केले. विशेष असे की त्यांनी ५३ क्रमांकित वचनांचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. पुढे समित्यांपुढे येणाऱ्या अहवालांवर तो कोणत्या क्रमांकाच्या वचनाशी संबंधित आहे, याची नोंद असे. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर २०१४ साली देशभर सार्वमत झाले, हे दोन पक्ष परस्परविरोधी बाजूंनी लढले, आणि तरीही एडिंबरोचे संयुक्त प्रशासन मोडले नाही. २०१७ मध्ये पारडे फिरले. राष्ट्रवादी १९, हुजूर १८, मजूर १२, हरित ८, लिबरल डेमोक्रॅट ६ अशी रचना झाली. नेतेपद राष्ट्रवादींकडे व उपनेतेपद मजूर पक्षाकडे गेले. या वेळीही ५२ वचनांचा लेखी कार्यक्रम होता.

ही वचने सगळी पाळली गेली असे कोणी म्हणणार नाही. मुद्दा निराळा आहे. वचन लेखी असले, त्याला क्रमांक असला, तर शहरातला कोणताही नागरिक, कामगार संघटनेचा कोणताही शाखा-चिटणीस ते हातात घेऊन विचारू शकतो, की क्रमांक अमुकचे काय झाले? कराराचा कागद ही सत्ताधाऱ्यांच्या सोयीची वस्तू नाही. ती सत्तेबाहेर असलेल्यांच्या हातातील पावती आहे.

२०२२ मध्ये ही पावती नाहीशी झाली. राष्ट्रवादी व हरित पक्ष यांनी एकत्र येऊन प्रशासन बनवण्याची तयारी केली होती. दोघांच्या मिळून २९ जागा होत्या आणि बहुमताला ३२ लागतात. मजूर पक्षाच्या स्कॉटिश नेतृत्वाने निवडणुकीपूर्वीच जाहीर केले होते, की आपला पक्ष कोणाशीही औपचारिक आघाडी करणार नाही. तेव्हा एडिंबरोच्या मजूर गटाने आघाडी न करता सत्ता घेतली. गणित असे : मजूर १३, लिबरल डेमोक्रॅट १२, हुजूर ९, बेरीज ३४. त्यातून तटस्थ राहिलेले दोघे वजा केले की नेमके ३२ उरतात. शहराच्या प्रथम नागरिकाचे, लॉर्ड प्रोव्होस्टचे पद लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे गेले. कागदोपत्री आघाडी नाही. व्यवहारात तीन पक्षांची मते एका पारड्यात.

येथे पाच वर्षांपूर्वीचा एक दाखला आठवावा लागतो. मे २०१७ मध्ये ॲबर्डीन शहराच्या परिषदेत मजूर पक्षाच्या नऊ नगरसेवकांनी हुजूर पक्षाबरोबर उघड आघाडी केली, तेव्हा स्कॉटिश मजूर पक्षाने त्या नऊही जणांना निलंबित केले. काटकसरीच्या नावाखाली गरिबांच्या सेवा कापणाऱ्या पक्षाशी आपले लोक बसू शकत नाहीत, ही त्यामागची भूमिका होती. म्हणजे २०१७ मध्ये हुजूर पक्षाबरोबर गेल्याबद्दल निलंबन, आणि २०२२ मध्ये त्यांच्या मतांवर उभ्या राहणाऱ्या प्रशासनाला मत न दिल्याबद्दल निलंबन. दोन्ही वेळा शिस्तीचे कलम एकच. तत्त्व मात्र उलटे झाले. पक्षाच्या वतीने म्हटले जाईल की ॲबर्डीनमध्ये करार होता, एडिंबरोत नव्हता. परंतु त्यातून निघणारा अर्थ विचित्र आहे. कागदावर सही केली तर गुन्हा, आणि सही न करता तेच केले तर निष्ठा! कार्यकर्त्याने अशा नियमातून काय शिकावे?

सभागृह चालते कसे

अल्पमतातील प्रशासन म्हणजे अराजक, असे मात्र समजू नये. एडिंबरोत कामकाज समित्यांमार्फत चालते. धोरण, वित्त, वाहतूक व पर्यावरण, गृहनिर्माण, शिक्षण अशा समित्या असतात व त्यांवर सर्व पक्षांचे सभासद बसतात. तेथे आपल्याकडच्यासारखा राज्य सरकारने पाठवलेला आयुक्त नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी परिषदेनेच नेमलेला असतो व परिषदेलाच जबाबदार असतो. त्यामुळे सभागृहातील एकेका मताला किंमत आहे. प्रशासनाचा प्रस्ताव पडू शकतो, विरोधकांची दुरुस्ती मंजूर होऊ शकते, आणि तसे वरचेवर होतेही.

या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षण्याजोगे नाही. ते म्हणतात, प्रत्येक प्रश्नावर त्या त्या वेळी बहुमत शोधावे लागणे हेच खरे चर्चेचे राज्य. पर्यटकांवरील कराचे उदाहरण घ्या. एडिंबरोत दर ऑगस्टमध्ये जगभरची माणसे महोत्सवांना लोटतात. रस्ते झाडण्याचा भार शहरवासीयांवर पडतो आणि खोल्यांचे भाडे हॉटेलमालकांच्या खिशात जाते. या मुक्कामांवर कर बसवावा ही शहराची अनेक वर्षांची मागणी होती. पण स्कॉटिश संसदेच्या परवानगीखेरीज तो बसवता येत नव्हता. तो कायदा २०२४ मध्ये झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये परिषदेने मुक्कामाच्या भाड्यावर ५ टक्के कर मंजूर केला. पहिल्या ५ रात्रींपुरता, आणि २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना लागू. अल्पमतातील प्रशासनाच्या काळातच हे घडले, आणि ते चांगले झाले.

मान्य. पण परिषदेच्या कामाचा खरा कस ठराव-ठरावागणिक लागत नाही. तो वर्षातून एकदा, अंदाजपत्रकाच्या दिवशी लागतो. वेगवेगळे ठराव वेगवेगळ्या बहुमतांनी मंजूर होऊ शकतात. पैसा मात्र एकच असतो आणि तो एकदाच वाटता येतो. शाळेला दिला तर रस्त्याला कमी, रस्त्याला दिला तर म्हाताऱ्यांच्या देखभालीला कमी. अंदाजपत्रक हे आकड्यांत लिहिलेले राजकीय तत्त्वज्ञान असते. आणि कायद्याने ११ मार्चपूर्वी कर ठरवावाच लागतो, त्यामुळे तेथे टाळाटाळीला जागा नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये हा दिवस उगवला आणि प्रशासन चालवणाऱ्या मजूर गटाचे अंदाजपत्रक सभागृहाने मंजूर केले नाही. मंजूर झाले ते लिबरल डेमोक्रॅटांनी मांडलेले. संसदीय परंपरेत अंदाजपत्रक पडले की सरकार जाते. येथे ते गेले नाही. मजूर गट नेतेपदावर कायम राहिला आणि दुसऱ्या पक्षाच्या अंदाजपत्रकाची अंमलबजावणी करू लागला. खुर्ची एकाची, धोरण दुसऱ्याचे आणि दोहोंना आधार तिसऱ्याच्या मतांचा. डिसेंबर २०२४ मध्ये नेता बदलला, नेतेपद त्याच पक्षात राहिले. रचनेत फरक पडला नाही.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अशा वेळी मतदाराने कोणाला विचारावा? लेखी आघाडीत तो दोन्ही पक्षांना विचारता येतो. बहुमताच्या एकपक्षीय राज्यात तो एकालाच विचारता येतो. अलिखित व्यवस्थेत तो कोणालाच नीट विचारता येत नाही. कारण प्रत्येकाजवळ दुसऱ्याकडे दाखवायला बोट असते.

तिजोरीची किल्ली

आता या कथेची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. नाहीतर सारा दोष एडिंबरोच्या मजूर गटावर टाकल्याचा अन्याय होईल. त्या गटाचा युक्तिवाद असा होता : ज्या राष्ट्रवादी पक्षाचे सरकार स्कॉटिश संसदेत बसून परिषदांचे अनुदान आवळते, त्याच पक्षाला शहराचे नेतेपद देऊन आपण त्या धोरणावर शिक्का का मारावा? या युक्तिवादात तथ्य आहे, आणि ते समजण्यासाठी पैशाचा मार्ग पाहावा लागतो.

परिषदेच्या चालू खर्चाचा मोठा हिस्सा स्कॉटिश सरकारच्या अनुदानातून येतो. व्यापारी मालमत्तांवरील कराचा दर सरकारच ठरवते. परिषदेच्या हाती उरते ती मुख्यतः घरांवरची पट्टी. तिचा इतिहास उद्बोधक आहे. १९८९ साली थॅचर सरकारने डोईपट्टी प्रथम स्कॉटलंडवर लादली, इंग्लंडच्या एक वर्ष आधी. श्रीमंताला व सफाई कामगाराला सारखीच पट्टी, हे तिचे तत्त्व होते. लाखो लोकांनी ती भरण्याचे नाकारले आणि अखेर ती गेली. तिच्या जागी १९९३ पासून आजची घरपट्टी आली. तिच्यात घरांच्या आठ श्रेणी केल्या आहेत, १९९१ सालच्या किमतींप्रमाणे. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी फेरमूल्यांकन झालेले नाही. त्या किमतींनुसार २७ हजार पौंडांपर्यंतचे घर सर्वांत खालच्या श्रेणीत आणि २ लाख १२ हजारांवरचे सर्वांत वरच्या श्रेणीत. म्हणजे किमतीत जवळजवळ आठपट किंवा त्याहूनही मोठे अंतर; पण पट्टीत अंतर पावणेचारपटही नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा प्रतिगामी कर होय. साध्या भाषेत सांगायचे तर वाडेवाल्याला सूट आणि खोलीवाल्याला भुर्दंड.

हा अन्यायी करही परिषदेला मोकळेपणाने वाढवता येत नव्हता. २००८-०९ ते २०१६-१७ अशी सलग नऊ वर्षे स्कॉटिश सरकारने पट्टी गोठवली. २०२१-२२ मध्ये पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा. गोठवण्याची घोषणा संसदेत टाळ्या मिळवते. त्यानंतरची कपात परिषदेच्या सभागृहात करावी लागते. २०२५-२६ मध्ये बंधन सुटताच एडिंबरोने पट्टी ८ टक्क्यांनी वाढवली. वर्षानुवर्षे अडवलेले पाणी एकदम सुटावे तसे ते झाले, आणि भार पडला तो याच प्रतिगामी श्रेणींतून.

या दोन सत्तास्थानांच्या फटीत कामगार कसा सापडतो, ते ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व जगाने पाहिले. १८ ऑगस्टला एडिंबरोच्या कचरा कामगारांनी संप सुरू केला. महोत्सवाचे दिवस, गल्ल्यागल्ल्यांत कचऱ्याचे ढीग. महागाई भडकलेली असताना अपुरी वेतनवाढ मिळत होती, हे त्यांचे गाऱ्हाणे अगदी रास्त होते. पण ते मागायचे कोणाकडे? नोकरी देणारी नगरपरिषद. तिचा नेता मजूर पक्षाचा. वाटाघाटी करणारी सर्व परिषदांची मिळून शिखर संस्था. आणि पैसा स्कॉटिश सरकारच्या तिजोरीत. सप्टेंबरच्या प्रारंभी स्कॉटलंडच्या प्रथममंत्री निकोला स्टर्जन स्वतः वाटाघाटींत उतरल्या, तेव्हाच कमी पगाराच्या कामगारांना झुकते माप देणारी तडजोड पुढे आली. संपाने एक गोष्ट स्पष्ट केली : ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला मेजाशी आणल्याखेरीज तिजोरी उघडत नाही.

मग मजूर गटाचा युक्तिवाद बरोबर ठरत नाही का? अर्धाच. अनुदान आवळणाऱ्या पक्षाशी आपण बसणार नाही, ही भूमिका घेता येते. पण त्याच श्वासात हुजूर पक्षाची मते स्वीकारता येत नाहीत. २०१० पासून लंडनच्या ज्या सरकारने काटकसरीचे पर्व सुरू केले, ते त्याच पक्षाच्या नेतृत्वाखाली होते, आणि स्कॉटिश तिजोरीत येणाऱ्या रकमेवर त्याचा परिणाम झाल्याशिवाय राहिला नाही. एका कपातवाल्याला दूर ठेवण्यासाठी दुसऱ्या कपातवाल्याचा खांदा घेणे, याला धोरण म्हणता येणार नाही. दोघांनाही नकार देऊन विरोधी बाकांवर बसता आले असते; किंवा राष्ट्रवादी व हरित यांच्यापुढे भाड्याची घरे, कामगारांचे वेतन, सेवांचे खाजगीकरण न करणे अशा चार-सहा अटी लेखी ठेवून, त्या मान्य झाल्यास बाहेरून पाठिंबा देता आला असता. त्या दोन पक्षांना तीनच मते कमी होती, आणि मजूर पक्षाजवळ तेरा होती. वाटाघाटीत अशी अनुकूल स्थिती वारंवार येत नाही. ती खुर्चीसाठी खर्च झाली.

आणि या काळात शहर थांबलेले नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये परिषदेने घरांच्या बाबतीत आणीबाणीची परिस्थिती असल्याचे जाहीर केले. जवळजवळ ५००० कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात होती. ज्या शहरात पर्यटकांसाठी खोल्या आहेत आणि रहिवाशांसाठी घरे नाहीत, तेथे आणीबाणीचा ठराव एकमताने करणे सोपे आहे. घरे बांधायला मात्र दरवर्षी त्याच बहुमताने पैसा बाजूला काढावा लागतो, आणि असे टिकाऊ बहुमत कार्यक्रमाशिवाय उभे राहत नाही.

सार्वजनिक मालकी टिकते कशी

याच्या उलट एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८५ च्या वाहतूक कायद्याने थॅचर सरकारने ब्रिटनमधील शहर बससेवा खाजगी कंपन्यांना मोकळ्या केल्या. बहुतेक शहरांनी आपापल्या बसगाड्या विकून टाकल्या. एडिंबरोच्या बसगाड्या विकल्या गेल्या नाहीत. लोदियन बसेस ही कंपनी अजूनही सार्वजनिक मालकीची आहे; तिचे सुमारे ९१ टक्के भाग एडिंबरो परिषदेकडे आणि उरलेले शेजारच्या परिषदांकडे आहेत. मधल्या चाळीस वर्षांत किती नेते आले-गेले, किती आघाड्या झाल्या-मोडल्या. तरी ही मालकी कोणी मोडीत काढू शकले नाही. याचे कारण ती लोकांच्या अंगवळणी पडली आणि तिला हात लावणे कोणत्याही पक्षाला परवडेनासे झाले. समाजवादी कार्यक्रमाची खरी कसोटी हीच. नेतेपद गेल्यावरही जे उरते, तेच आपण मिळवलेले असते.

कार्यकर्त्यांनी काय घ्यावे

बहुमत कोणालाच न देणारा मतदार हा आजच्या राजकारणाचा नियम होत चालला आहे. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही; तो मतदार आपल्याला एकमेकांशी बोलायला सांगतो आहे. प्रश्न एवढाच, की ते बोलणे उघड्यावर व्हावे की बंद दाराआड. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यासाठी तीन साधे नियम पुरेसे आहेत.

पहिला : ज्या पक्षाच्या मतांवर आपण सत्तेवर बसू, त्याच्याशी झालेला समझोता लेखी असावा व तो त्याच दिवशी प्रसिद्ध व्हावा. समझोता लिहिण्याची लाज वाटत असेल, तर तो करू नये.

दुसरा : असा समझोता शहरातील पक्षसभासदांच्या सभेपुढे ठेवावा आणि तेथे मतदान व्हावे. शिस्त ही त्या निर्णयानंतरची गोष्ट आहे. सभासदांना न विचारता घेतलेल्या निर्णयावर नगरसेवकांची शिस्त तपासणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणे होय. एडिंबरोतील ते दोघे बरोबर होते की चूक, याबद्दल मतभेद असू शकतो. पण त्यांना विचारण्याचा अधिकार ज्यांना होता, त्या सामान्य सभासदांचा आवाज त्या प्रकरणात कोठे ऐकू आला?

तिसरा : आपले अंदाजपत्रक पडले तर खुर्ची सोडावी. विरोधी बाकांवरून दुसऱ्याचे अंदाजपत्रक सुधारणे हे प्रतिष्ठेचे काम आहे; नेत्याच्या खुर्चीवरून दुसऱ्याचे अंदाजपत्रक राबवणे हे नाही.

या नियमांनी सत्ता काही वेळा हुकेल, हे उघड आहे. एडिंबरोत मजूर पक्षाचीही कदाचित हुकली असती. पण पाच वर्षांनी दारोदार जाताना कार्यकर्त्याला एक गोष्ट सांगता आली असती, की आम्ही इतक्या अटी घातल्या, इतक्या मान्य झाल्या, इतक्या पाळल्या गेल्या. हा पाहा कागद. तो कागद नसला, की कार्यकर्त्याजवळ सांगण्यासारखे एवढेच उरते की नेता आपला होता. कचऱ्याच्या गाडीवर काम करणाऱ्या माणसाला किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात मूल वाढवणाऱ्या बाईला त्या माहितीचा काहीही उपयोग नसतो.